झुमका बरेलीचा, गोष्ट मराठीची

१५ जानेवारी २०२६ रोजी आपल्याकडे महापालिकेचे मतदान झाले आणि त्याच दिवशी नेटफ्लिक्सवर अगाथा ख्रिस्तींची ‘सेव्हन डायल्स मिस्टरी’ तीन भागांत येऊन दाखल झाली. निकालाच्या गुलालात ती किती जणांनी पाहिली, देव जाणे. पण यंदा ख्रिस्तीबाईंपासून सुटका नाही. त्यांना जाऊन जानेवारीतच ५० वर्षे झाली आणि त्यांची सर्वांत गाजलेली, सर्वांत वादग्रस्त कादंबरी ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ जूनमध्ये शंभरी गाठते आहे.

या कादंबरीची गंमत अशी, की ती पडद्यावर कधीच नीट बसलेली नाही. १९२८ मध्ये तिचे नाटक झाले, १९३१ मध्ये त्यावर ‘अ‍ॅलिबाय’ हा चित्रपट निघाला, २००० मध्ये डेव्हिड सुशे यांच्या ‘पॉयरो’ या मालिकेत ती आली. खुनी कोण ते सांगत नाही, ज्यांनी वाचलेली नाही त्यांचे शिव्याशाप नकोत. एवढेच सांगतो, की तिची मेख निवेदनात आहे. कॅमेरा आला की निवेदक बाजूला पडतो आणि मेख ढिली होते.

याच्या नेमके उलट घडले ते एका मराठी कादंबरीच्या बाबतीत. तिच्या शंभरीची वाट पाहायची, तर आधी तिचे नाव तरी लोकांना ठाऊक हवे. जयंत देवकुळे यांची ‘आशा परत येते’. नाही आठवत? बरेलीच्या बाजारात हरवलेला झुमका तर आठवतो! ‘मेरा साया’तल्या त्या गाण्यावर लग्नाच्या वरातीत नाचलेल्यांना सांगून बघा, की ही गोष्ट मुळात मराठी आहे. निम्मे लोक हसण्यावारी नेतील.

कादंबरीवरून १९६४ मध्ये राजा परांजपे यांनी ‘पाठलाग’ काढला. डॉ. काशिनाथ घाणेकर आणि भावना, गीते गदिमांची, संगीत दत्ता डावजेकरांचे. मराठी चित्रपटासाठीचे राष्ट्रपतींचे रौप्यपदकही त्याला मिळाले. (घाणेकर तेव्हा रंगभूमीवर संभाजीराजे म्हणून गाजत होते. आज आपल्या छत्रपती संभाजीनगरला ते नाव मिळाल्यावर तरी त्यांचा हा चित्रपट इथे लागायला हरकत नव्हती.) १९६५ मध्ये तमिळमध्ये ‘इदय कमलम’ आला, त्यात के. आर. विजया. १९६६ मध्ये राज खोसलांनी साधना आणि सुनील दत्त यांना घेऊन हिंदी केला. काळ्यापांढऱ्या मराठी गोष्टीला रंग चढले, उदयपूरचा राजवाडा मिळाला, मदनमोहन मिळाले. तीन वर्षांत तीन भाषा.

हे कशामुळे? गोष्टीचा सांगाडा पाहा. वकिलाची बायको त्याच्या डोळ्यांदेखत मरते. काही दिवसांनी पोलीस दरोडेखोरांच्या टोळीतली एक बाई पकडतात, आणि ती म्हणते, मीच तुमची बायको. चेहरा तोच. खटला उभा राहतो. नवरा प्रश्न विचारतो आणि ती भर कोर्टात अशा गोष्टी सांगू लागते, ज्या नवरा-बायकोशिवाय कुणाला ठाऊक नसाव्यात. यात पाईप ओढणारा हेर नाही, बोटांचे ठसे नाहीत. तपास होतो तो उलटतपासणीत, आणि पणाला लागलेला असतो संसार.

कागदावर लेखकाला ‘हुबेहूब तीच’ असे लिहून भागवावे लागते. पडद्यावर तो चेहराच पुरावा होतो. शिवाय सुरुवातीचा मृत्यू प्रेक्षकाने स्वतः पाहिलेला असतो. कोर्टातल्या बाईवर विश्वास ठेवायचा, तर आधी आपल्याच डोळ्यांना खोटे पाडावे लागते. अ‍ॅक्रॉइडमध्ये जे शब्दांनी साधले, ते इथे कॅमेऱ्याने साधले. मला तर ही युक्ती ख्रिस्तीबाईंच्या तोडीची वाटते. कुणाला ही अतिशयोक्ती वाटली तर वाटो.

तरीही पुस्तक विस्मरणात आणि झुमका अजरामर, हे आपल्या वाचनव्यवहाराला शोभते. रहस्यकथा म्हणजे एस.टी.च्या प्रवासात वाचून सीटवर विसरायची वस्तू, असे आपल्या समीक्षकांनी ठरवून टाकले. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांनाही तीच वागणूक मिळाली.

जुनी पुस्तके खपत नाहीत, ही सबब निदान या शहरात तरी सांगू नये. नारायण धारपांची भयकथा पुन्हा दुकानांत दिसू लागली ती इथल्याच साकेत प्रकाशनामुळे. ज्या ‘तुंबाड’ची मुळे धारपांच्या कथेत आहेत, तो चित्रपट २०१८ मध्ये जेमतेम चालला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लागला तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई करून गेला. ग्राहक आहे, त्याच्यापर्यंत माल पोहोचवायला हवा.

अजिंठा-वेरूळ चित्रपट महोत्सवाच्या मंडळींनी पुढच्या वर्षी एक दिवस यासाठी काढावा. सकाळी ‘पाठलाग’, दुपारी ‘इदय कमलम’, रात्री ‘मेरा साया’, आणि दाराशी ‘आशा परत येते’ची नवी आवृत्ती. तमिळला मराठी उपशीर्षके मात्र लागतील. ते काम कुणीतरी आतापासूनच अंगावर घ्यावे.