रॅक सर्व्हरची मागची बाजू : कोणती तार कोठे जाते?

‘क्लाउड’ हा शब्द आता इतका रुळला आहे की, त्यामागे लोखंडी चौकटीत बसवलेली, पंख्यांचा अखंड घोंघाट करणारी यंत्रे आहेत याचा विसर पडतो. परदेशातील आपल्यापैकी अनेकांचे काम या यंत्रांवर चालते; न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये बसून मुंबई-पुण्यातील सर्व्हर सांभाळणारेही आहेत. सर्व्हर निवडताना प्रोसेसर आणि मेमरी यांची चर्चा भरपूर होते. संकटकाळी तो चालू राहील का आणि त्याच्या किल्ल्या कोणाच्या हाती जातील, हे मात्र बऱ्याच अंशी त्याच्या मागच्या बाजूला कोणती तार कोठे जोडली आहे यावर ठरते.

प्रथम मापे पाहू. प्रमाणित रॅकची रुंदी १९ इंच असते आणि उंची ‘यू’ या एककात मोजतात. १ यू म्हणजे १.७५ इंच. पूर्ण उंचीच्या रॅकमध्ये बहुधा ४२ यू जागा असते. २०१७ साली आलेला डेलचा पॉवरएज आर ७४० हा या वर्गाचा चांगला नमुना. उंची २ यू, दोन प्रोसेसर, मेमरीसाठी २४ स्लॉट, विस्तारकार्डांसाठी कमाल ८ स्लॉट आणि समोर अडीच इंची डिस्क असतील तर कमाल १६. थंड हवा पुढून आत शिरते आणि तापून मागून बाहेर पडते. म्हणून डिस्क पुढे, तर बहुतेक सर्व तारा मागे असतात. डिस्क, पंखे आणि पॉवर सप्लाय यंत्र चालू असतानाच बदलता येतात. मेमरी वा प्रोसेसर बदलण्यासाठी मात्र ते बंद करावे लागते. पुढे आणि मागे असलेला ओळखदिवा दुरूनही लावता येतो. एकसारख्या दिसणाऱ्या अनेक यंत्रांतून नेमके कोणते उघडायचे, हे तंत्रज्ञाला त्यावरून कळते.

आता विजेकडे वळू. अशा सर्व्हरला बहुधा दोन पॉवर सप्लाय असतात. एक निकामी झाल्यास दुसऱ्याने सारा भार उचलावा, हा त्यामागचा हेतू. पण दोन्ही तारा रॅकमधील एकाच वीजपट्टीला, म्हणजे एकाच पीडीयूला, जोडल्या तर ती पट्टी बंद पडताच दोन्ही सप्लाय एकदम निरुपयोगी होतात. तारा दोन वेगळ्या पट्ट्यांवर आणि त्या पट्ट्या दोन स्वतंत्र वाहिन्यांवर असल्या पाहिजेत. एवढेही पुरत नाही. दोन्ही पट्ट्या क्षमतेच्या ६० टक्के भरलेल्या असतील, तर एक गेल्यावर दुसरीवर १२० टक्के भार येतो आणि तिचा ब्रेकर पडतो. म्हणून प्रत्येक पट्टीवरील भार निम्म्याहून बराच कमी ठेवावा लागतो. अमेरिकेतील वाचकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : मोठ्या क्षमतेचे काही पॉवर सप्लाय १२० व्होल्टवर पूर्ण शक्ती देत नाहीत, त्यांना २०८ किंवा २४० व्होल्टची जोडणी लागते. भारतात व ब्रिटनमध्ये २३० व्होल्टमुळे हा प्रश्न उद्भवत नाही.

नेटवर्कच्या जोडण्यांनाही हेच तत्त्व लागू आहे. तांब्याच्या तारेसाठी परिचित आरजे-४५ पोर्ट असतात. १० गिगाबिटसाठी एसएफपी-प्लस, २५ गिगाबिटसाठी एसएफपी-२८ आणि १०० गिगाबिटसाठी क्यूएसएफपी-२८ या खाचा वापरतात. त्यांत प्रकाशतंतूचे मॉड्यूल किंवा रॅकमधल्या रॅकमध्ये जोडण्यासाठी आखूड तांब्याची केबल बसवता येते. दोन पोर्ट एकाच स्विचला जोडल्यास तुटलेल्या तारेपासून संरक्षण मिळते, बंद पडलेल्या स्विचपासून नाही. सर्व्हरबाहेरील डिस्कपेटी बाह्य सॅस केबलने थेट जोडतात. अनेक सर्व्हरांनी वाटून घ्यायचा साठा असेल तर फायबर चॅनेल किंवा इथरनेटच्या मार्गाने.

व्हीजीए पोर्ट आणि सीरियल पोर्ट घरगुती संगणकांतून दिसेनासे झाले, तरी अशा सर्व्हरवर ते टिकून आहेत. नेटवर्क कोलमडले की तंत्रज्ञ ट्रॉलीवरील पडदा आणि कळफलक घेऊन येतो आणि याच जुन्या, साध्या वाटा उपयोगी पडतात.

उरतो तो सर्वांत शक्तिमान आणि सर्वांत दुर्लक्षित पोर्ट : व्यवस्थापनाचा. तो दिसतो साध्या इथरनेटसारखा. पण त्यामागे बीएमसी नावाचा स्वतंत्र छोटा संगणक असतो. डेल त्याला आयड्रॅक म्हणते, एचपीई आयएलओ. मुख्य यंत्र बंद असले तरी वीज जोडलेली असेपर्यंत हा जागा असतो. दूरवरून सर्व्हर चालू-बंद करणे, पडदा पाहणे, नवी कार्यप्रणाली बसवणे हे सारे त्यातून करता येते. मुंबईतील यंत्र लंडनहून सांभाळणे शक्य होते ते याच्याच बळावर.

धोकाही तेथेच आहे. एचपीईच्या आयएलओ ४ मधील एक दोष २०१७ मध्ये दुरुस्त झाला आणि २०१८ मध्ये त्याचा तपशील जाहीर झाला. विनंतीच्या शीर्षभागात ‘ए’ हे इंग्रजी अक्षर २९ वेळा पाठवले की पासवर्डाविना दार उघडत असे. आयपीएमआय २.० या २००४ च्या प्रमाणप्रणालीची रचनाच अशी आहे की, ओळख पटण्यापूर्वीच ती पासवर्डाचे हॅश-रूप समोरच्याच्या हाती देते. दोष मूळ रचनेतच असल्याने सॉफ्टवेअर अद्ययावत करून तो जात नाही. जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या सायबरसुरक्षा संस्थेने, सीसाने, केंद्रीय नागरी विभागांना आदेश दिला : इंटरनेटवर उघडे असलेले असे व्यवस्थापन-मार्ग आढळल्यापासून १४ दिवसांत तेथून हटवा किंवा कडक प्रवेशनियंत्रणाखाली आणा.

यात एक सूक्ष्म सापळा आहे. काही सर्व्हरमध्ये व्यवस्थापनाच्या पोर्टला तार नसल्यास बीएमसी आपोआप साध्या नेटवर्क पोर्टवरून बोलू लागतो. म्हणजे ‘आम्ही तो पोर्ट जोडलेलाच नाही’ ही सुरक्षिततेची हमी नव्हे. त्याच्या सेटिंगमध्ये फक्त स्वतंत्र पोर्ट निवडावा, मूळ पासवर्ड बदलावा, आयपीएमआयची गरज नसेल तर ते बंद करावे आणि हे नेटवर्क वेगळे ठेवून व्हीपीएनमागे न्यावे.

आपला सर्व्हर दुसऱ्याच्या डेटा सेंटरमध्ये असेल, तर तेथील तंत्रज्ञाकडून मागच्या बाजूचे स्पष्ट छायाचित्र मागवावे आणि प्रत्येक तारेचे दुसरे टोक कोठे जाते ते लिहून घ्यावे. एका कागदावर मावणारी ही नोंद वीज गेल्यावर किंवा घुसखोरी झाल्यावर करता येत नाही. ती सर्व सुरळीत असतानाच करून ठेवावी लागते.