साक्षीदार किती आणि साक्षी किती?

औषधे, आहार, मुलांचे आरोग्य यांवरील संशोधनाच्या बातम्या आपण रोज वाचतो आणि त्यावरून घरात निर्णयही घेतो. अशा बातमीतील आकड्यांना एक प्रश्न अवश्य विचारावा. तो एका उदाहरणाने सांगतो.

ओहायोमधील स्टूबनव्हिल हे पोलाद कारखान्यांचे गाव. हार्वर्डच्या 'सहा शहरांच्या' पाहणीत तेथील मुलांची वयाच्या सातव्या ते दहाव्या वर्षापर्यंत दरवर्षी नोंद झाली: छातीत घरघर होते की नाही? त्यांतील ५३७ मुलांची आकडेवारी संख्याशास्त्रात फार गाजली. पाहणीच्या आरंभी १८७ मुलांच्या आया धूम्रपान करत होत्या, ३५० मुलांच्या नव्हत्या.

मुले ५३७, नोंदी २१४८. गफलत होते ती इथेच. सातव्या वर्षी घरघर असलेल्या मुलाला आठव्या वर्षीही ती असण्याचा संभव अधिक. एकाच माणसाने चार वेळा साक्ष दिली, म्हणून साक्षीदार चार होत नाहीत!

सर्व नोंदी स्वतंत्र मानल्या, तर दोन गटांतील फरक गणिती मापात ०.२७ आणि त्यातील संभाव्य चूक ०.१२ येते. फरक चुकीच्या दुपटीहून मोठा, म्हणून रूढ नियमानुसार तो 'सिद्ध' ठरतो. जॉन्स हॉपकिन्सच्या लिआंग आणि झेगर यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या पद्धतीत प्रत्येक मुलाच्या नोंदींचा एक गठ्ठा धरतात. मग फरक तेवढाच राहतो, पण चूक ०.१८ होते आणि निकाल फिरतो.

गंमत म्हणजे वयाच्या बाबतीत उलटे घडते. वाढत्या वयाबरोबर घरघर कमी होते का, हे पाहताना प्रत्येक मुलाची तुलना स्वतःशीच होते. त्यामुळे तिथली चूक ०.०५४ वरून ०.०४४ वर उतरते. म्हणजे पुन्हा पुन्हा मोजणे वाया जात नाही. मात्र त्याचा लाभ कुठे होतो, हे प्रश्नावर अवलंबून असते.

यावरून धूम्रपान निरुपद्रवी आहे, असे मात्र कोणी समजू नये. इतरांच्या धुराने मुलांना अपाय होतो, हे अन्य भरपूर पुराव्यांनी सिद्ध आहे. एवढ्या मुलांवरून तेवढे ठामपणे म्हणता येत नाही, इतकेच.

तेव्हा पुढच्या वेळी 'हजारो नोंदींवर आधारित' असे वाचाल, तेव्हा जरूर विचारा: नोंदी ठीक आहेत, पण माणसे किती?