खिडकीतली राणी

आरंभीच्या ख्रिस्ती हुतात्म्यांपैकी पर्पेतुआला हा आठवडाभर कार्थेजच्या तुरुंगातच राहू द्या. तिच्याबद्दल लिहितो असं कबूल केलं होतं, पण पेठ नाक्याकडच्या एका वाचकांनी भलताच चटका लावणारा प्रश्न धाडला: 'तुमच्या लेखमालेतल्या या सगळ्या हुतात्मा बाया रोम, लियों, कार्थेजच्या. आपल्या वाटेवरची एकही नाही का?'

आहे की. इस्लामपूरहून कोल्हापूरमार्गे गोव्याला जाणारे आपण सगळे जुन्या गोव्यात ज्या प्रचंड से कॅथेड्रलपुढे फोटो काढतो, ते अलेक्झांड्रियाच्या कॅथरीनचं. मिरज-पन्हाळ्यापर्यंत अंमल असलेल्या आदिलशाहीकडून आल्बुकर्कनं गोवा घेतला तो 25 नोव्हेंबर 1510 रोजी, नेमका तिच्या सणाच्या दिवशी. म्हणून देऊळ तिच्या नावानं. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला पन्नास पंडितांना वादात हरवणारी, खिळ्यांचं चाक जिच्या स्पर्शानं मोडलं आणि शेवटी जिचा शिरच्छेद झाला, ती ही कुमारी. कथा झकास, पण तिच्या काळातला एकही पुरावा नाही. सगळं लिखाण कित्येक शतकांनंतरचं. रोमनं 1969 मध्ये तिचा सण दिनदर्शिकेतून काढला आणि 2002 मध्ये परत घातला.

तिच्याहून मला ओढ आहे ती जवळच्याच टेकडीवरच्या केतेवानची. ही आरंभीच्या शतकांतली नव्हे, सतराव्यातली. पण तिची गोष्ट थेट त्या जुन्या साच्यातली. जॉर्जियातल्या काखेतीची ही राणी. इराणच्या शाह अब्बासकडे बोलणी करायला गेली आणि दहाएक वर्षं शिराझमध्ये ओलीस राहिली. धर्म सोडेना, म्हणून सप्टेंबर 1624 मध्ये तापल्या सांडशांनी हाल करून तिला मारलं. ती ऑर्थोडॉक्स पंथाची, तरी तिचे अवशेष गुपचूप उचलले ते कॅथलिक ऑगस्टिनियन पाद्र्यांनी. त्यातला काही भाग 1627 मध्ये गोव्यात आला.

ठेवला कुठे, तेही लिहून ठेवलं होतं: टेकडीवरच्या त्यांच्याच मठाच्या चॅप्टर चॅपेलमधल्या दुसऱ्या खिडकीत, दगडी पेटीत. पण 1835 मध्ये मठ ओस पडला, 1842 मध्ये चर्चचं छत कोसळलं, 1931 मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा गेला. त्या ढिगाऱ्यात खिडकी मोजायची कशी? पुरातत्त्व खात्याची माणसं आणि जॉर्जियन अभ्यासक 1989 पासून खणत, नकाशे जुळवत राहिले. अखेर 2004 च्या सुमारास हाताचं एक हाड हाती आलं.

पुढचं काम हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेचं. आईकडून येणाऱ्या डीएनएत त्यांना यू1बी हा गट सापडला. तपासलेल्या हजारो भारतीयांत तो एकातही नव्हता. जॉर्जियातल्या तीस जणांत मात्र दोघांत होता. तिथं सापडलेली दुसरी हाडं इथल्याच माणसांची निघाली. म्हणजे भव्य मंदिर जिला मिळालं तिचा ठावठिकाणा नाही, आणि जिचा अक्षरशः हाडापर्यंत पुरावा आहे तिच्या वाट्याला एक खिडकी. इतिहासाला वाटणीची अक्कल नाही, हे माझं जुनं मत.

जुलै 2021 मध्ये परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी त्या अवशेषांतला एक भाग तिबिलिसीत जॉर्जियाच्या हवाली केला. पर्पेतुआची तुरुंगातली रोजनिशी पुढच्या लेखांकात, आणखी कुणाचं पत्र आलं नाही तर.