उंबरठ्याच्या आतले वैद्यक

चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन 26 ऑगस्ट 1982 रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलल्या आणि दफ्तरे नव्या कपाटांत गेली. परंतु तीन चतुर्थांशांहून अधिक भूभाग अरण्याने व्यापलेल्या आणि पावसाळ्यात नाले भरून आले की गावेच्या गावे तुटून पडणाऱ्या या मुलखातील गोंड व माडिया वस्त्यांना वैद्यकीय उपचार पूर्वीइतकेच दुर्लभ राहिले. सरकारदरबारी हा मामला नेहमी अंतराचा म्हणून मांडला जातो. इतकी उपकेंद्रे मंजूर, इतक्या जागा रिक्त, इतक्या किलोमीटरांचा रस्ता बाकी, असा तो हिशेब असतो. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. आणि त्याचा अपुरेपणा ज्या संस्थेने प्रत्यक्ष कृतीने दाखवून दिला, ती म्हणजे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये गडचिरोलीत स्थापन केलेली ‘सर्च’.

नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले आणि पुढे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केलेले हे दांपत्य येथे आले, ते दवाखान्याइतकाच संशोधनाचा हेतू मनात धरून. त्यांच्या आरंभीच्या संशोधनाने आरोग्य खात्याचीच नव्हे, तर जगातील वैद्यकवर्तुळाचीही झोप उडविली. दोन खेड्यांतील 650 स्त्रियांची तपासणी केली असता त्यांपैकी शेकडा 92 जणींना काही ना काही स्त्रीरोग असल्याचे आढळले, आणि यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रियांचे प्रमाण होते शेकडा 8. 1989 मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात हा निबंध प्रसिद्ध झाला. बाईचे आरोग्य म्हणजे कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया, एवढाच ज्या यंत्रणेचा समज होता, तिला हे दुखणे दिसणार तरी कसे?

रुग्णालय बांधण्याची वेळ आली तेव्हा या मंडळींनी आदिवासींनाच विचारले, की सरकारी दवाखान्यात तुम्ही का जात नाही. उत्तरे मोठी मार्मिक आली. इमारत एवढी अजस्र, की आत गेलेला माणूस वाट चुकतो. डॉक्टर आणि परिचारिका पांढऱ्या कपड्यांत वावरतात, आणि पांढरे कापड आमच्यात मृताच्या अंगावर घालतात. रोग्याबरोबर आलेल्या नातलगांनी राहावे कोठे. आणि एवढ्या मोठ्या दवाखान्यात देव कसा नाही? या तक्रारींना अडाणीपणा म्हणून बाजूस सारणे फार सोपे होते. ‘सर्च’ने त्या तक्रारी वास्तुरचनाकाराला दिलेल्या सूचनांप्रमाणे मानल्या, आणि धानोरा रस्त्यावरील शोधग्राम येथे रोगी व नातलग एकत्र राहू शकतील अशा झोपडीवजा खोल्यांचे रुग्णालय उभारून त्याला आदिवासींच्या आराध्य दंतेश्वरी मातेचे नाव दिले.

तथापि या संस्थेचे खरे वैशिष्ट्य मला तिच्या इमारतीत दिसत नाही. ते एका अगदी साध्या उपकरणात दिसते. न्यूमोनिया हा त्या काळी बालमृत्यूचे एक प्रमुख कारण होता, आणि तो ओळखण्याची खूण म्हणजे श्वासाची गती: दोन महिन्यांखालील मुलाचा श्वास मिनिटाला 60 वा त्याहून अधिक, दोन महिने ते वर्षापर्यंतच्या मुलाचा 50 वा त्याहून अधिक असला, की धोका समजावा. पण गावातल्या ज्या दाईला प्रत्येक घरात मुक्तद्वार होते, तिला लिहिता-वाचता येत नव्हते आणि दहा-बाराच्या पुढे मोजताही येत नव्हते. तेव्हा बंगांनी दाईला शाळेत न धाडता तिच्या मोजणीच्या मर्यादेतच शास्त्र आणून बसविले. एका लहानशा चौकटीत एक मिनिटात रिकामे होणारे वाळूचे घड्याळ आणि वयोगटानुसार मण्यांच्या स्वतंत्र ओळी. घड्याळ उलटे करून दाईने मुलाच्या उघड्या पोटाकडे पाहत राहायचे, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, पुन्हा एकपासून सुरुवात करायची. वाळू संपण्याआधी शेवटचा लाल मणी सरकला, तर औषध सुरू करायचे. पाटीपेन्सिल नाही, बेरीज नाही, डॉक्टरची वाट पाहणे नाही.

पुढची पायरी अधिक धाडसाची होती. नवजात बालकांचे बहुसंख्य मृत्यू घरातच, बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीत होत, आणि जन्माची नोंदच नसल्याने मृत्यूही नोंदवहीत येत नसे. जंतुसंसर्ग झालेल्या अर्भकाला रुग्णालयात न्यावे, हा सल्ला पुस्तकात योग्य होता. पण वाहन नाही, पैसा नाही, आणि ओल्या बाळंतिणीला घराबाहेर काढायला घरचे तयार नाहीत. म्हणून गावातलीच, पाच ते दहा इयत्ता शिकलेली स्त्री निवडून तिला ‘आरोग्यदूत’ केले. तिच्या पिशवीत वजनकाटा, तापमापक, बाळाला उबेत ठेवणारी झोळी, गुदमरलेल्या बाळाला श्वास देण्याचे साधन, आणि जेंटामायसिन या प्रतिजैविकाचे इंजेक्शन! महिन्याभरात ठरावीक दिवशी तिने घरी जाऊन बाळ पाहायचे. अर्धशिक्षित बाईच्या हाती सुई देण्याच्या या कल्पनेने वैद्यक व्यावसायिकांच्या भुवया उंचावल्या, आणि सावधगिरी म्हणून तो आक्षेप निराधार नव्हता. त्याचे उत्तर युक्तिवादाने देण्यासारखे नव्हते, आकड्यांनीच देण्यासारखे होते. 39 गावांत हा प्रयोग झाला, 47 गावे तुलनेसाठी ठेवली गेली. प्रयोगाच्या गावांत दर हजार जन्मांमागे 62 असलेले नवजात मृत्यू तिसऱ्या वर्षी 25.5 वर आले. तुलनेच्या गावांत ते साठीच्या आसपासच राहिले. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ने हा निष्कर्ष छापला, आणि 2009 मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी नवजात बालकांच्या गृहभेटींची संयुक्त शिफारस केली.

भारत सरकारने 2011 मध्ये ही पद्धत ‘आशा’ या गावपातळीवरील आरोग्य कार्यकर्तीच्या द्वारे देशभर नेली, ही गोष्ट निःसंशय मोठी आहे. मात्र स्वीकारताना राज्यकर्त्यांनी एक काटछाट केली, आणि ती मला सूचक वाटते. वजन करणे, ताप मोजणे, ऊब देणे, स्तनपानाचा सल्ला देणे ही कामे आशाकडे आली. इंजेक्शन आले नाही. 2014 मध्ये इंजेक्शनची जी परवानगी निघाली ती एएनएमला, म्हणजे उपकेंद्रातील प्रशिक्षित परिचारिकेला, तीही बाळाला रुग्णालयात नेणे शक्य नसेल अशा विशिष्ट परिस्थितीतच. म्हणजे गडचिरोलीत ज्या एका अधिकारावर सगळा वाद झाला होता आणि ज्याची कसोटी तेथे लागली होती, तोच अधिकार हुकूमनाम्यातून गळाला. रात्री दोन वाजता निस्तेज पडलेल्या बाळासमोर उभी असलेली स्त्री एएनएम नसते, आशा असते. आणि प्रसूती रुग्णालयात झाली तर सहा, घरी झाली तर सात भेटी पूर्ण करून बेचाळीस दिवस बाळावर लक्ष ठेवण्याबद्दल त्या योजनेत तिच्यासाठी ठरलेला मोबदला होता 250 रुपये.