पाव मैलापुरती गाडी

विलीज हे नाव आपल्याकडे रुळलं ते जीपमुळे. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी मुंबईत जी जीप जोडायला घेतली, ती मूळची विलीजचीच. पण ओहायोतल्या टोलीडो गावच्या त्याच कारखान्यातून महायुद्धापूर्वी एक छोटी मोटारही बाहेर पडायची. 1941 सालची दोन दारांची विलीज कूपे. अंगाने हलकी, लांबीला आखूड, नाक होडीच्या टोकासारखं. फोर्ड आणि शेव्हरोलेपुढे बाजारात तिचा निभाव लागला नाही. नको असलेली गाडी म्हणून ती पुढे स्वस्तात मिळू लागली, आणि स्वस्तात मिळाली म्हणूनच तिचं नाव झालं.

आज कॅलिफोर्नियातल्या किंवा इंग्लंडमधल्या एखाद्या ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे सरळ धावेच्या शर्यतीच्या पट्टीवर, ही कूपे समोर आली, तर कारखान्यातल्या माणसालाही ओळखू येणार नाही. पुढची बाजू वीतभर वर उचललेली. बॉनेट कापून इंजिनाचं डोकं बाहेर काढलेलं. मागची चाकं पुढच्या चाकांच्या दुप्पट जाड, आणि ती मावावीत म्हणून मडगार्ड गोल कापलेले. काचेच्या जागी रंगीत प्लास्टिक. आत जेमतेम एक खुर्ची आणि तिच्याभोवती पोलादी नळ्यांचा पिंजरा. घराशेजारच्या शेडमध्ये सुट्टीच्या दिवशी वेल्डिंग करत, दोन-तीन हिवाळे घालवून कुणीतरी ती उभी केलेली असते. आणि एवढा खटाटोप करून ती धावते किती? पाव मैल. म्हणजे 1,320 फूट, 402 मीटर. दहा-बारा सेकंदांत काम संपतं. मग ब्रेक, वळसा, आणि पुन्हा रांगेत.

या जातीच्या गाड्यांना ‘गॅसर’ म्हणतात. अमेरिकेत पेट्रोलला गॅस म्हणतात, आणि पंपावरच्या पेट्रोलवरच धावायचं अशी त्या गटाची अट होती, म्हणून गॅसर. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला या गटात स्टोन, वूड्स आणि कुक या त्रिकुटाच्या विलीजने नाव काढलं. गाडीचं नाव ‘स्विंडलर’, आपल्या भाषेत ठकसेन. स्टोन आणि वूड्स हे मालक कृष्णवर्णीय, चालवणारा कुक गोरा. त्या काळातल्या अमेरिकेत हे किती वेगळं होतं ते सांगायला नको. आज हौशी लोक शेडमध्ये जी गाडी बांधतात, ती बहुधा याच दशकातल्या कुठल्या तरी गाडीची लांबची बहीण असते.

पण गाडीचं नाक वर का?

स्कूटरवर मागे बसलेल्याला याचं उत्तर अंगाने माहीत असतं. चालवणाऱ्याने एकदम मूठ पिळली की मागचा माणूस मागे झुकतो आणि पुढचं चाक हलकं होतं. वेग घेताना गाडीचा भार मागच्या चाकांवर सरकतो. किती सरकतो, हे गाडीच्या गुरुत्वमध्याच्या उंचीवर अवलंबून असतं. मध्य जितका उंच आणि गाडी जितकी आखूड, तितका जास्त भार मागे जातो. आता या गाड्यांना ढकलतात ती मागचीच चाकं. त्यांच्यावर भार पडला तर ती रस्ता धरतील, नाही तर जागच्या जागी गरगरत धूर काढतील. म्हणून त्या काळच्या पोरांनी पुढचं सगळं सस्पेन्शन काढून टाकलं, त्या जागी ट्रकसारखा सरळ आडवा ॲक्सल आणि पाटे बसवले आणि गाडी वर उचलली. आपण शर्यतीची गाडी म्हणजे जमिनीला चिकटलेली समजतो. इथे बरोबर उलटं!

पुढे टायर सुधारले आणि एवढं उचलायची गरज उरली नाही. उंच गाडी वेगात डुलते, वाराही जास्त खाते. आजच्या गॅसरवाल्यांना हे पक्कं ठाऊक असतं, तरी ते नाक वरच ठेवतात. मला यात काही गैर वाटत नाही. पैठणीवरचा मोरही काही ऊब देत नाही.

हा खेळ जन्मला तो भंगारातून. दक्षिण कॅलिफोर्नियातली मुरॉकसारखी कोरडी पडलेली तळी हे त्याचं पहिलं अंगण. महायुद्धाआधीच तिथे पोरं जुन्या फोर्ड गाड्या सोलून, धुळीत मैलन् मैल पळवायची. युद्ध संपल्यावर हातात हत्यार धरायची सवय झालेले तरुण घरी परतले आणि शहरातल्या रस्त्यांवर सिग्नल ते सिग्नल शर्यती लागू लागल्या. पोलिस मागे लागले. 1950 साली सँटा ॲना इथल्या विमानतळाच्या धावपट्टीवर रविवारी तिकीट लावून रीतसर शर्यती सुरू झाल्या. पुढच्याच वर्षी वॉली पार्क्सने या शर्यतींची राष्ट्रीय संघटना उभी केली. मोकळी धावपट्टी आणि सरळ धाव, हे नातं तेव्हापासूनचं. इंग्लंडमधली सँटा पॉड ही प्रसिद्ध स्ट्रिपही 1966 साली जुन्या लष्करी विमानतळावरच सुरू झाली, आणि आपल्याकडे लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीत ड्रॅग शर्यती झाल्या, त्याही धावपट्टीवरच.

त्या पोरांकडे पैसे नव्हते, पण नजर होती. लढाऊ विमानांच्या पोटाखाली लावायच्या जादा इंधनाच्या टाक्या युद्धानंतर कवडीमोलाने विकायला आल्या. कुणाला तरी दिसलं की हा आकार हवा कापण्यासाठीच घडवलेला आहे. टाकीत इंजिन आणि माणूस कोंबून त्याने तळ्यावर गाडी पळवली. गाड्या थांबवायला पॅराशूट आले, तेही लष्कराच्या जादा मालातून. शर्यतीचे गुळगुळीत टायर कुणी बनवत नव्हतं, तेव्हा जुन्या टायरवर मऊ रबर चढवून घेतलं जायचं. म्हणजे चक्क रिमोल्ड.

पण माझा सगळ्यात आवडता नमुना ब्लोअरचा. इंजिनाच्या डोक्यावर पट्ट्याने फिरणारा जो मोठा ॲल्युमिनियमचा डबा दिसतो, तो मुळात जनरल मोटर्सच्या ट्रक-बसच्या डिझेल इंजिनाचा भाग. ती दोन-फटक्यांची डिझेल इंजिनं स्वतःहून श्वास घेऊ शकत नसत. सिलिंडरमध्ये हवा लोटायला त्यांना पंप लागे. सहा सिलिंडर, प्रत्येक 71 घनइंचांचा, म्हणून त्या इंजिनाला म्हणत 6-71. कुणीतरी भंगारातल्या बसचा हा पंप काढून पेट्रोलच्या व्ही-8 वर बसवला. ज्या इंजिनाला श्वास घेता येत होता, त्याला आता दुप्पट श्वास मिळाला. हवा जास्त तर पेट्रोल जास्त, पेट्रोल जास्त तर ताकद जास्त. आजही ब्लोअरचं माप सांगताना 6-71 हाच आकडा तोंडी येतो. बस गेली, तिचा आकडा राहिला.

आता वाटेल, मग काय, ताकद वाढवत जायचं! इथे गणित आडवं येतं. इंजिन पूर्ण ताकदीने सतत ढकलतंय असं धरलं, तर ठरावीक अंतराला लागणारा वेळ ताकदीच्या घनमुळाच्या प्रमाणात कमी होतो. म्हणजे पाव मैलाला 14 सेकंद घेणाऱ्या गाडीची ताकद दुप्पट केली, तर ती 7 सेकंदांवर येत नाही, 11 सेकंदांच्या किंचित वर थांबते. 7 वर यायला आठपट ताकद लागते. हेच गणित वजनाला उलट लागू आहे. म्हणून या गाड्यांच्या प्रत्येक पट्टीला, कंसाला, पेडललासुद्धा ड्रिलने भोकं पाडलेली दिसतात. प्रत्येक भोक म्हणजे काही ग्रॅम. ज्याला आठपट ताकद परवडत नाही तो ड्रिल मशीन घेऊन बसतो.

आणि ताकद मिळाली तरी ती रस्त्यावर उतरली पाहिजे. समजा, टायरची पकड इतकी आहे की गाडीच्या वजनाइतकाच जोर लावता येतो, त्याहून जास्त लावला की चाक घसरतं. सगळा भार मागच्या चाकांवर आला, हवेचा विरोध शून्य, इंजिन कितीही मोठं. तरी 402 मीटरला नऊ सेकंदांहून थोडा जास्तच वेळ लागेल. कारण हा वेग घेणं म्हणजे आडवं पडणं आहे. कोकणकड्यावरून दगड सोडला तर पहिले 402 मीटर पडायला, हवा विसरली तर, त्यालाही तेवढाच वेळ लागेल. सोडू नये, खाली माणसं असतात. पण 1964 साली डॉन गार्लिट्स या ड्रायव्हरच्या गाडीने न्यू जर्सीत पाव मैल आठ सेकंदांच्या आत संपवला आणि शेवटी ताशी 200 मैलांची रेघ ओलांडली. म्हणजे ती गाडी दगडापेक्षा जोरात ‘पडली’.

हे जमलं ते रबरामुळे. दोन कोरडे दगड एकमेकांवर घासतात तसं रबर वागत नाही. गरम झालेलं मऊ रबर डांबराच्या बारीक खाचांत शिरतं आणि रेणूंच्या पातळीवर त्याला चिकटतं. त्यामुळे वजनापेक्षा जास्त जोर लावता येतो. म्हणून शर्यतीआधी पाण्यात चाकं फिरवून तो धुराचा लोट काढतात. तमाशा वाटतो खरा, पण त्यात टायर स्वच्छ होतो आणि तापतो. सुरुवातीच्या जागी रस्त्यावर चिकट द्रव फवारलेला असतो. तिथे चालताना चप्पल पायातून निघू पाहते. आपण गाडीत तीस-बत्तीस पौंड हवा भरतो, या मागच्या टायरांत दहाच्या आतबाहेर असते. सुटताना रिम आधी फिरते आणि टायर मागून येतो. त्याच्या भिंतीला पिळलेल्या धोतरासारख्या चुण्या पडतात. वेग वाढला की तोच टायर फुगून उंच होतो, जणू जादा गिअर पडला. या सगळ्या खटाटोपाचं, भंगारातल्या ब्लोअरचं आणि वर उचललेल्या नाकाचंही, शेवटी काय होणार ते दोन परातींएवढ्या रबरावर ठरतं.

पकडीच्याच नादात माणसांनी स्वतःला भलत्या जागी बसवलं. 1954 च्या सुमारास मिकी थॉम्पसनने ड्रायव्हरची खुर्ची मागच्या ॲक्सलच्याही मागे नेली, म्हणजे ड्रायव्हरचं वजनही मागच्या चाकांच्या कामी येईल. बेचकीच्या चामड्यात खडा बसावा तसा माणूस. गाडीचं नावही बेचकीच, स्लिंगशॉट. आता इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स सगळं ड्रायव्हरच्या पुढ्यात, गिअरबॉक्स तर पायांशी. 8 मार्च 1970 रोजी लॉस एंजेलिसजवळच्या लायन्स स्ट्रिपवर गार्लिट्सचा गिअरबॉक्स फुटला आणि त्याच्या उजव्या पावलाचा भाग तुटला. इस्पितळातून तो इंजिन मागे बसवण्याचा विचार घेऊनच बाहेर पडला. तशा गाड्या आधी सरळ जात नसत, भरकटत. त्याने आणि सोबत्यांनी स्टिअरिंग मुद्दाम मंद केलं. चाक बरंच फिरवलं की गाडी थोडीशी वळणार. 1971 साली त्या गाडीने पोमोनाची शर्यत जिंकली आणि इंजिन पुढे असलेल्या ड्रॅगस्टरचे, म्हणजे ड्रॅग शर्यतीच्या अशा गाड्यांचे, दिवस भरले.

तरी हौशी माणसं आजही पुढच्या इंजिनाचीच गाडी बांधतात. फरक इतकाच की आता क्लचभोवती जाड पोलादी कवच असतं, अंगात आगीला न जुमानणारा सूट, डोक्याभोवती तपासून घेतलेला पिंजरा. चेहरा 1962 चा आणि हाडं आजची. तपासनीसाने वेल्ड बघून मान हलवली नाही तर गाडी रेषेवर जात नाही. हा हट्ट मला सगळ्यात शहाणा वाटतो.

मग घरची गाडी दुसऱ्याच्या महागड्या गाडीशी स्पर्धा कशी करते? ही युक्ती मला इंजिनाहूनही सुंदर वाटते. प्रत्येकाने आपली गाडी किती सेकंदांत पाव मैल संपवेल ते आधीच सांगायचं आणि काचेवर लिहायचं. हे लिहायला बुटाचं पांढरं पॉलिश वापरायची जुनी रीत आहे. एकाने 12.40 लिहिलं, दुसऱ्याने 10.40, तर पहिल्याला दोन सेकंद आधी सोडतात. आता शेवटची रेषा आधी ओलांडेल तो जिंकला. पण लबाडी करून मोठा आकडा लिहिता येत नाही, कारण लिहिलेल्यापेक्षा लवकर पोचलात तर बाद! त्यामुळे वेगाइतकंच महत्त्व आपली गाडी ओळखण्याला. आपल्याकडच्या बैलगाडा शर्यतीतही निकाल सेकंदांतच लागतो, पण ‘माझी जोडी इतक्यातच पोचेल, लवकर नाही’ असं लिहून द्यायला तिथला कुठला गाडामालक तयार होईल असं वाटत नाही.

सुटायचं ते दिव्यांच्या खांबावरून. 1963 पासून झेंडेवाल्याच्या जागी हा खांब आला. तीन पिवळे दिवे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने लागतात, मग हिरवा. पण हिरवा दिसेपर्यंत जो थांबला तो हरलाच म्हणायचा. शेवटचा पिवळा दिसताच पाय उचलावा लागतो, कारण माणूस आणि गाडी मिळून हलायला तेवढा वेळ घेतातच. त्यात गंमत अशी की गाडीच्या वेळेचं घड्याळ दिव्यावर सुरू होत नाही. पुढचं चाक प्रकाशाच्या किरणातून सरकलं की सुरू होतं. रेषेवर डुलकी काढून निघालात तरी कागदावर वेळ झकास येते. फक्त शेजारचा केव्हाच पुढे गेलेला असतो.

कॅलिफोर्नियात बेकर्सफील्डजवळच्या फमोसो स्ट्रिपवर 1959 पासूनचा मार्च महिन्यातला मेळावा अजून भरतो. दुपारी तिथे इंजिनं तापलेली असतात आणि हवा विरळ. ऊन कलतं तशी हवा गार आणि दाट होते. दाट हवेत प्राणवायू जास्त, म्हणजे प्रत्येक फटक्यात ताकद थोडी जास्त. दुपारी 11.62 बरोबर होतं, आता तोच आकडा गाडीला बाद करेल. रांगेत पुढे सरकता सरकता एक माणूस खाली उतरतो, गाडीपाशी उभा राहून वाऱ्याकडे तोंड करतो, शर्टाच्या बाहीने काच पुसतो आणि पॉलिशची बाटली उघडून लिहितो, 11.57.