भूक आवरणारी गोळी जिवावर का उठली?

होळीला भांग प्यालेला माणूस ताटावरून लवकर उठत नाही, हे इंदूर-ग्वाल्हेरकडच्या मंडळींना सांगायला नको. पोट भरलेलं असतं, तरी गोडाचा आणखी एक घास हवासा वाटतो. कारण भांगेतला मादक घटक ज्या कुलपाला लागतो, ते आपल्या शरीरात आधीपासूनच असतं. त्याची खरी किल्लीही शरीर स्वतःच बनवतं.

या कुलपाचं नाव सीबी-१ रिसेप्टर. १९९० मध्ये त्याची रचना उलगडली. १९९२ मध्ये जेरुसलेममधल्या राफेल मेशुलम यांच्या प्रयोगशाळेत त्याची पहिली नैसर्गिक किल्ली सापडली. संशोधकांनी तिला नाव दिलं 'आनंदामाइड', थेट संस्कृतमधल्या 'आनंद' शब्दावरून. अशी रसायनं आणि त्यांचे रिसेप्टर मिळून जी व्यवस्था होते, ती एंडोकॅनाबिनॉइड यंत्रणा.

वजनाशी संबंध काय?

मेंदूत ही यंत्रणा भूक वाढवते आणि खाण्यातली गोडी वाढवते. यकृत आणि चरबीच्या पेशींत ती चरबी साठवायला मदत करते. उपासमारीच्या काळात हे वरदानच होतं. पण घरात डबे भरलेले असताना तीच यंत्रणा वजन वाढवते. अनेक अभ्यासांत स्थूल व्यक्तींच्या रक्तात या रसायनांचं प्रमाण जास्त आढळलं आहे.

मग हे कुलूपच बंद केलं तर? याच विचारातून 'रिमोनाबँट' हे औषध आलं. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या चाचणीत कमी उष्मांकाच्या आहारासोबत ते घेणाऱ्यांचं वजन वर्षभरात सरासरी ६.६ किलोंनी घटलं. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांचं घटलं १.८ किलो. २००६ मध्ये युरोपात त्याला मंजुरी मिळाली.

गणित कुठे चुकलं?

भुकेचं कुलूप आणि मनाचं कुलूप वेगळं नव्हतं. सीबी-१ भीती, ताण आणि समाधान यांचाही तोल सांभाळतो. तो बंद होताच काहींना नैराश्य आलं, काहींची झोप उडाली, आत्महत्येचे विचारही दिसले. अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीने २००७ मध्ये एकमताने नकार दिला. मानसिक त्रासाचा धोका जवळपास दुप्पट असल्याचं सांगत युरोपने ऑक्टोबर २००८ मध्ये विक्री थांबवली. भारतात डिसेंबर २००९ पासून या औषधावर बंदी आहे.

आता पुढे?

मेंदूत फारसं न शिरता बाकीच्या शरीरातलं सीबी-१ अडवेल, असं औषध शोधणं सुरू आहे. नोवो नॉर्डिस्कच्या 'मोनलुनाबँट'च्या चाचणीचे निकाल २०२४ मध्ये आले. १६ आठवड्यांत १० मिलिग्रॅमच्या मात्रेने ७.१ किलो वजन घटलं. पण चिंता, चिडचिड आणि झोपेच्या तक्रारी इथेही दिसल्या, आणि मात्रा वाढली तशा त्या वाढल्या.

म्हणूनच वजनाची कोणतीही गोळी शेजाऱ्याच्या सांगण्यावरून किंवा ऑनलाइन मागवून घेऊ नये. आधी कधी नैराश्य आलं असेल, तर डॉक्टरांना ते लाज न बाळगता सांगावं. आणि गोळी सुरू झाल्यावर वजनकाट्यासोबत झोप आणि मनःस्थितीकडेही घरच्यांनी लक्ष ठेवावं. मन खचतंय असं वाटलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता लगेच डॉक्टरांना गाठावं.