घोडनदीच्या काठचे जुने शेतकरी

चाकणच्या कारखान्यांतून नव्याकोऱ्या गाड्या बाहेर पडताना तुम्ही पाहिल्या असतील. पण आपल्या पुणे जिल्ह्यात सुमारे ३००० वर्षांपूर्वीच्या गाडीचं चित्र सापडलंय, हे ठाऊक आहे? चित्र मडक्यावर आहे आणि गाडी अर्थातच बैलांची!

हे मडकं शिरूर तालुक्यातल्या इनामगावचं. तिथे घोडनदीच्या काठी १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकळिया, म. के. ढवळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्खनन केलं. मातीखालून अख्खं गाव वर आलं. इ.स.पू. १६०० ते ७००, म्हणजे जवळजवळ ९०० वर्षं लोक तिथे राहिले!

आता पाण्याची गंमत ऐका. जिल्ह्याच्या उत्तर भागात आज मोठमोठे जलाशय दिसतात, ते धरणांचे. डिंभे धरण तर याच घोडनदीवर आहे. पण पाणी वळवायचं डोकं इनामगावकरांनी केव्हाच चालवलं होतं. त्यांनी बांध घातला, कालवा खणला आणि पुराचं पाणी वळवून घेतलं. शेतात मुख्य पीक जवाचं. गहू, मसूर, वाटाणाही पिकायचा. तांब्याची हत्यारं होती, पण लोखंड अजून यायचं होतं.

त्यांची मडकी लालसर, वर काळी नक्षी. इतकी छान भाजलेली की टिचकी मारली तर खणकन वाजावीत! अशी मडकी आधी संगमनेरजवळच्या जोर्वे गावी सापडली, म्हणून या लोकांच्या संस्कृतीला जोर्वे संस्कृती म्हणतात.

गेलेल्या माणसांना ते घराच्या जमिनीखालीच पुरत. लहान बाळाला दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून. मोठ्यांचे पाय मात्र घोट्याखाली कापलेले आढळतात. मेलेला माणूस उठून चालू नये, म्हणून असेल का? पण पाच खोल्यांच्या मोठ्या घरात एक माणूस चक्क चार पायांच्या रांजणात बसवलेला सापडला, आणि त्याचे पाय शाबूत! तो गावचा मुखिया असावा, असं संशोधकांना वाटतं.

इ.स.पू. १००० नंतर पाऊस कमी झाला. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेती आटली आणि लोक हरणांच्या शिकारीवर जास्त जगू लागले. पुढे ते गाव सोडून गेले.